ड्रायसूटच्या मनगटाचं सील: ठेवायचं मालवणात, वापरायचं हिमाचलात

मालवणजवळच्या देवबागच्या माणसाने ड्रायसूटवर लिहावं हे तसं हसण्यासारखंच. आमच्या दारातला समुद्र २६ ते २९ अंशांचा. तारकर्लीला पर्यटकांना पाण्यात नेणारी पोरं टी-शर्टवर उतरतात. फार झालं तर ३ मिलिमीटरचा वेटसूट, आणि तोही थंडीपेक्षा जेलीफिशच्या भीतीने. ड्रायसूट घालून कोणी मालवणच्या जेटीवर दहा मिनिटं उभा राहिला, तर पाण्यात न उतरताच घामाने आतून भिजेल.

पण माझं पोट या समुद्रावर नाही. मी कमर्शियल डायव्हर. दिवाळी झाली की बॅग भरायची आणि हिमाचल-उत्तराखंडकडच्या जलविद्युत धरणांवर जायचं. पाण्याखालची गेटं बघायची, ट्रॅश रॅकवर, म्हणजे कचरा अडवणाऱ्या लोखंडी जाळीवर, अडकलेले ओंडके काढायचे, खोबणीतला गाळ उपसायचा. जानेवारीत तिथलं पाणी ७-८ अंशांवर येतं. शिमगा धरून घरी परत. म्हणजे माझा सूट वर्षातले चार-साडेचार महिने थंड पाण्यात असतो, आणि उरलेले साडेसात महिने देवबागच्या दमट घरात, माडांच्या सावलीत, खाऱ्या वाऱ्यावर. मनगटाचं सील, म्हणजे बाहीच्या टोकाला मनगटावर घट्ट बसून पाणी अडवणारी पट्टी, कुठली घ्यावी यावर जे काही वाचायला मिळतं ते थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांना हे साडेसात महिने ठाऊकच नाहीत. माझी तीन सीलं गेली, त्यातलं एकही पाण्यात गेलं नाही.

ज्यांनी ड्रायसूट घातलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेटसूटमध्ये पाणी आत येतं आणि अंगाच्या उबेने कोमट होतं. ड्रायसूटमध्ये पाणी आत येऊच द्यायचं नसतं. आत लोकरीसारखे कपडे आणि हवा. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं, म्हणून ही सगळी यातायात. पाणी अडवायला तीन जागा: झिप, गळा, आणि दोन मनगटं. झिप हलत नाही. गळा थोडा हलतो. मनगटं सारखी हलतात, वळतात, पाना धरतात, म्हणून बहुतेक वेळा गळती तिथूनच सुरू होते.

माझ्या पहिल्याच हंगामात १४ मीटरवर वाटेतल्या एका ओंडक्याला शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी, लावत होतो. मूळ काम होतं धरणाच्या गेटचं रबरी सील कुठून गळतंय ते शोधायचं. गेटचं सील मी तपासतोय आणि माझ्या उजव्या मनगटाचं सील गळतंय. आधी तळहाताच्या बाजूने एक गार रेघ वर सरकली, मग कोपर, मग काख. वीस मिनिटांनी बोटांना शॅकलची पिन लागेना. वर कळवलं, तर सुपरवायझर म्हणाला, "पाच मिनट और?" पाच मिनिटांत पिन दोनदा हातातून सुटली. मग त्यानेच वर घेतलं. बाही पिळली तर चहाचा एक कप भरेल इतकंच पाणी निघालं. एवढ्याशा पाण्याने दिवस वाया.

सूट चांगला होता, सीलही नवंकोरं होतं. दोष माझ्या मनगटाचा निघाला. वडील रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. त्यांचं मनगट बारीक आणि आतल्या बाजूला दोन दोऱ्या ताणून उभ्या राहिलेल्या. माझं तसंच, घेर १६ सेंटिमीटर. मूठ आवळली की त्या दोऱ्या वर येतात आणि दोघींच्या मध्ये एक पन्हळ तयार होते. सील त्या पन्हळीवर पुलासारखं आडवं बसतं आणि खालून पाणी जातं. वेंगुर्ल्याच्या माझ्या जोडीदाराचं मनगट फणसाच्या फांदीसारखं गोल. त्याला तेच सील, त्याच दुकानातलं, एक थेंब नाही. त्यामुळे कोणी फोनवर "कुठलं सील चांगलं?" असं विचारलं की मी आधी त्याला हात पुढे करून घट्ट मूठ आवळायला सांगतो आणि मनगटाच्या आत काय दिसतं ते विचारतो.

सीलं तीन प्रकारची: लॅटेक्स, निओप्रीन आणि सिलिकॉन. आता एकेक घेतो.

लॅटेक्स. म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आमच्या दोडामार्गात केरळच्या लोकांनी रबराच्या बागा केल्यात, तिथे करवंटीएवढ्या वाटीत तो पांढरा चीक ठिबकताना पाहिलाय. त्याच्यापासून झालेलं हे सील पातळ, ताणलं तर दुप्पट-तिप्पट होणारं, आणि तिन्हींत स्वस्त. मला जोडी साडेतीन हजारांच्या आसपास पडली. बसतं फार सुरेख. वाढत्या घेराच्या नरसाळ्यासारखं असतं, त्यावर गोल रेघा असतात आणि आपल्या मनगटाप्रमाणे एकेक रेघ कापत जायचं. इथे घाई करू नये. आत बाटली घालून ताणून धरायचं, धारदार कात्रीने एका दमात कापायचं. मध्ये कात्री थांबली की तिथे बारीक दात राहतो आणि पुढे तिथूनच फाटतं. एक रेघ कापली की घालून वीस मिनिटं घरात फिरायचं. बोटांना मुंग्या आल्या, हाताच्या शिरा फुगल्या, तर पुढची रेघ. मी एकदा दोन रेघा एकदम कापल्या, आणि ते सील पुढच्या हंगामात वेंगुर्लेकराच्या मनगटावर गेलं.

लॅटेक्सचा खरा त्रास मात्र घरी आल्यावर.

पहिल्या वर्षी हंगाम संपवून आलो तेव्हा सूट गोड्या पाण्यात भिजवायचा म्हणून आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावरून खाली काढलं. एवढं मोठं दुसरं भांडं घरात नाही. विहिरीचं पाणी भरलं, दोन्ही बाह्या आत बुडवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी बघतो तर सीलावर तपकिरी डाग, जणू कोणी चहाचे ठसे उमटवलेत. घासून गेले नाहीत. मला वाटलं, नुसते डाग आहेत. गणपतीला बाहेर काढलं तेव्हा डागांच्या जागी रबर चिकट झालेलं, बोट लावलं तर बोटाबरोबर वर येतंय. तांबं म्हणजे रबराला वाळवी, हे तेव्हा कळलं. पितळ त्याचंच भावंड, त्यातही तांबंच. आमच्याकडे संधिवाताला म्हणून हातात तांब्याचं कडं घालणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ते सूट घालताना नुसतं वर सरकवू नये, काढून ठेवावं. कड्याबरोबर हातातला देवाचा दोराही. आमच्या टीममधल्या एकाच्या उजव्या हातात मंदिरातला लाल धागा होता आणि तो काढायला तयार नव्हता. सीलाखालून तो धागा आत-बाहेर असा होता की पाण्याला शिडीच लावून दिलेली. शेवटी त्याने तो सुपरवायझरच्या साक्षीने गळ्यात बांधला, मग गळती थांबली.

दुसरा शत्रू खोबरेल. थंडीत हाताची कातडी फुटते, आणि मालवणी माणसाला त्यावर एकच औषध माहीत असतं. रात्री मनगटापर्यंत तेल चोळून झोपायचं, सकाळी साबणाने धुतलं असं म्हणायचं, आणि सील चढवायचं. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, कडा लाटेसारखी वेडीवाकडी होते. तिसरा शत्रू दिसत नाही. फ्रिज, पंप, पंखा, जिथे विजेच्या मोटरीत ठिणगी उडते तिथे थोडा ओझोन तयार होतो, आणि ताणलेल्या रबराला त्याने भेगा पडतात. आमच्याकडे सूट टांगायचा खिळा होता नेमका पाण्याच्या पंपाच्या खोलीत. ऊन लागत नाही म्हणून मीच ती जागा निवडली होती.

दुसरी जोडी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून मागवली. पाकीट उघडलं तर आतली पावडर पिवळसर आणि दोन्ही सीलं एकमेकांना चिकटलेली. ओढून सुटी केली. उजेडात धरून ताणली तर कडेला सुकलेल्या मळ्यासारख्या बारीक भेगा. फोन केला. म्हणाला, "कोकणात दमट हवा, असं व्हायचंच." अहो, पाकीट कालच आलंय! पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून लॅटेक्स घ्यायचं तर आधी उत्पादनाची तारीख विचारतो आणि हातात आल्याबरोबर उजेडात ताणून बघतो. भेग दिसली की तिथल्या तिथे परत. ज्याला तारीख सांगता येत नाही त्याच्याकडून मी हातमोजेही घेत नाही.

एवढं सगळं असूनही लॅटेक्स वाईट असं मी म्हणणार नाही. ज्याचा सूट वर्षभर वापरात आहे, ज्याचं मनगट गोल आहे, आणि ज्याच्या घरात एक थंड, अंधारी, मोटरीपासून लांबची जागा आहे, त्याने खुशाल घ्यावं. वास नसलेली साधी टाल्क लावून, हवाबंद पिशवीत, घडी न घालता ठेवावं. मात्र ते सूटला गोंदाने चिकटवलेलं असतं. फाटलं तर जुनं सोलायचं, घासायचं, नवा थर द्यायचा, आणि गोंद नीट धरायला एक दिवस. थंडीत त्याहून जास्त. धरणाच्या कडेला शून्य अंशांत गोंद लावून बसलेला माणूस पाहिला नसेल तर पाहू नका. वेंगुर्लेकराने एकदा हॉटेलच्या खोलीत हेअर ड्रायरने बाही तापवली होती. धरलं, पण त्या रात्री खोलीतला फ्यूज उडाला आणि सगळे अंधारात जेवले.

निओप्रीन. वेटसूटचं तेच कापड, मनगटापाशी आत दुमडायचं, गुळगुळीत बाजू कातडीला. मजबूत. नख लागलं, खडक घासला, तरी काही नाही. ऊबही तिन्हींत जास्त. माझ्या जुन्या सूटला होतं. नवीन असताना इतकं घट्ट की बाटलीवर दोन दिवस ताणून ठेवलं, आणि दोन हंगामांनी इतकं सैल की आत करंगळी जाईल. माझ्या पन्हळीच्या मनगटावर त्याने पहिल्यापासून थेंब-थेंब पाणी घेतलंच. गोल मनगटाच्या माणसाला ते थेंब ऊबदार अस्तरात कळणारही नाहीत. पण कोकणात त्याचं वेगळंच दुखणं. जुलैत ते सुकत नाही. धुवून पडवीत टांगलं तर आठवडाभर ओलं, दहाव्या दिवशी काळी बुरशी आणि सुक्या बांगड्याचा वास. घरातल्यांनी सूटला "तुझो बांगडो" असं नाव ठेवलं. दिवाळीनंतर हिमाचलात पोचून सूट उघडला तर तिथल्या माणसाने नाक धरलं आणि खिडकी उघडली. बाहेर बर्फ पडत होता.

आता सध्या जे वापरतो ते. सिलिकॉन.

हातात घेतलं तर शहाळ्याच्या मलईसारखं मऊ. लॅटेक्सपेक्षाही हलकं ताणतं, आणि माझ्यासाठी मुद्दा हा की मूठ आवळली तरी ते त्या दोन दोऱ्यांच्या मधल्या खळीत उतरतं, वरून पूल बांधत नाही. पहिल्या डायव्हनंतर बाही उलटली, कोरडी. दुसऱ्यालाही कोरडी. ओझोन, ऊन, दमट हवा, याने त्याला विशेष काही होत नाही. गेले दोन पावसाळे तेच सील घरात आहे आणि अजून चिकटलं नाही की पिवळं पडलं नाही. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनाही हेच बरं. पावडरही क्वचित लागते, साबणाच्या पाण्याचा हात पुरतो. घेताना एवढं लक्षात ठेवावं की सिलिकॉनला सिलिकॉन स्प्रे चालत नाही. आणि तोच स्प्रे बाहीच्या कापडाला लागला तर पुढे कधी लॅटेक्स चिकटवायची वेळ आली की गोंद धरत नाही.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, किंवा घाईत सांगतात. सिलिकॉनला दुसरं काही चिकटत नाही. म्हणून त्याला रिंग लागते. बाहीच्या टोकाला एक कडक रिंग कायमची बसवायची, आणि सील दुसऱ्या रिंगने तिच्यात दाबून बसवायचं. मी स्वीडनच्या सि-टेकची अंडाकृती रिंग लावून घेतली, कारण मनगट गोल नसतं आणि गोल रिंग हाडाला लागते. रिंगांचा खर्च सीलाच्या तिप्पट-चौपट, बसवणारा माणूस मुंबई-गोव्याकडे शोधावा लागतो, आणि पहिले चार दिवस वाटतं हातात बांगड्या घातल्यात. आईने तर विचारलंच, "ह्ये खंयचे रे बांगडे? लगीन कोणाचा?" पण त्याच रिंगवर कोरडे हातमोजेही, म्हणजे पाणी आत न येऊ देणारे, बसतात, आणि ७ अंशांच्या पाण्यात मला त्याचा फायदा सीलाइतकाच वाटतो.

हातमोजे घातले तरी आतलं सील काढू नये. ट्रॅश रॅकच्या गंजलेल्या पट्टीला मोजा फाटला तर फक्त पंजा भिजतो, बाही वाचते. खाली उतरताना मोजा दाबून बोटं आवळतात, म्हणून सीलाखालून एक बारीक दोरीचा तुकडा घालून सूटची हवा मोज्यात जाऊ देतात. मीही घालतो, दोन बोटं लांबीचा. पण मोजा फाटला तर हाच तुकडा पाण्यालाही वाट देतो. म्हणून खोल काम असेल तरच घालतो, उथळ असेल तर नाही.

सिलिकॉनची दुसरी बाजू म्हणजे फाटणं. लॅटेक्सला चीर पडली तर थोडा वेळ मिळतो. सिलिकॉनला पडली की साडीच्या काठासारखी टर्रकन शेवटपर्यंत जाते. माझी पहिली जोडी एका डिसेंबरात पहिल्याच दिवशी गेली, आणि कारण हिमाचलात नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी खाडीतली कालवं आणून बसलो होतो फोडायला. कालवं फोडताना शिंपल्याच्या धारेने नखांचे कंगोरे होतात, हे ज्याने फोडलीत त्याला माहीत. तिसऱ्या दिवशी धरणाच्या कडेला डावं सील चढवताना तोच कंगोरा लागला आणि ते हातात दोन तुकडे होऊन आलं.

पण पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण पैसे त्याचेच दिले होते. बॅगेत दुसरी जोडी होती. रिंग काढली, फाटलेलं काढलं, नवं बसवलं, दाबून बघितलं. बोटं गार होती तरी दहा मिनिटांच्या आत. त्याच पाळीला उतरलो. लॅटेक्स असतं तर दुसरा दिवस गेला असता. आता निघायच्या आठवडाभर आधी कालवं बंद, नखं कापून कानसतो, आणि सील चढवताना दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घालून, नख बाहेर ठेवून, ओढण्याऐवजी ढकलतो. आणि दोन जोड्या नेहमी. फाटलेलं सील आईने ठेवून घेतलंय, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं फिरवायला. पकड चांगली येते म्हणते.

घरी तपासायची माझी रीत. मनगटांत दोन बाटल्या घुसवायच्या. कोकमाच्या काचेच्या बाटल्या मापात बसतात. गळ्यात स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा, झिप बंद, हवा सोडायचा व्हॉल्व्ह बंद, आणि सिलिंडरच्या नळीने सूट हळूहळू फुगवायचा. मग साबणाचं पाणी ब्रशने सीलाच्या आणि रिंगच्या कडेकडेने लावायचं. बुडबुडा आला की तिथे पेनाने खूण. खळ्यात आडवा पडलेला तो फुगलेला सूट बघून पहिल्या वेळी आई धावत आली होती, "ह्येका काय झाला? सलाईन लावलंस काय?" आणि मग बाटल्या ओळखून, "माझा कोकम खंय ओतलंस?" शेजारचा कुत्रा आजही खळ्यात सूट आला की भुंकतो.

या वर्षीच्या तपासणीत मनगटांना एकही बुडबुडा नाही. गळ्याला मागच्या बाजूला एक आला. गळ्याचं सील अजून लॅटेक्सच आहे, तिथे रिंग लावली तर मान वळवायला त्रास होईल या भीतीने टाळत आलोय. त्याला पंपाच्या खोलीतले पहिले दोन पावसाळे लागलेत. दिवाळीच्या आत ते बदलायचं आहे, आणि यावेळी तारीख विचारून.